व्हिसा लागत नाही, तरी विमानतळावरून परत का पाठवतात?

'भारतीयांना व्हिसा लागत नाही, तिकीट काढा आणि निघा!' अशा रील्स गेल्या दोन-तीन वर्षांत खूप फिरल्या. त्यातली पहिली गोष्ट बऱ्याच देशांबाबत खरी आहे. थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना ३० दिवस व्हिसाशिवाय राहण्याची मुभा दिली आणि १५ जुलै २०२४ पासून ही मुदत ६० दिवस केली. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांची सवलत दिली आणि ती पुढे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली. फिलिपिन्समध्ये जून २०२५ पासून १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येते. कझाकस्तानातही १४ दिवसांची सवलत आहे.

'तिकीट काढा आणि निघा' ही दुसरी गोष्ट मात्र अर्धीच खरी आहे. तिकीट काढून निघालेले काही प्रवासी बँकॉक किंवा क्वालालंपूरच्या विमानतळावरूनच परत येतात. तिकिटाचे, हॉटेलचे पैसे जातात, सुट्ट्या वाया जातात आणि 'प्रवेश नाकारला' अशी नोंद मागे राहते. हे का घडते आणि ते टाळण्यासाठी काय करता येते, हे समजून घेऊ.

व्हिसामुक्त प्रवास म्हणजे नेमके काय?

व्हिसा लागतो तेव्हा प्रवाशाची चौकशी आधी होते. दूतावास बँकेचे स्टेटमेंट, नोकरीचे पत्र, तिकीट, हॉटेल बुकिंग मागतो आणि सगळे पाहून निर्णय देतो. व्हिसामुक्त प्रवासात हा टप्पा गळतो. पण चौकशी रद्द होत नाही, ती पुढे ढकलली जाते. दूतावासाने दोन आठवडे घेऊन जे तपासले असते, ते आता इमिग्रेशन काउंटरवरचा अधिकारी एक-दोन मिनिटांत तपासतो.

म्हणून 'व्हिसा लागत नाही' याचा अर्थ 'प्रवेशाचा हक्क आहे' असा होत नाही. व्हिसा हातात असला तरी अंतिम निर्णय विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा असतो. व्हिसा नसताना तर प्रवाशाबद्दल आधीची काहीच माहिती त्याच्यापुढे नसते. आपण खरोखर पर्यटक आहोत हे दाखवण्याची जबाबदारी प्रवाशावर येते.

तपासणी तीन ठिकाणी होते

पहिली तपासणी विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्याला आणणाऱ्या विमान कंपनीवर असते. काही देश कंपनीला दंडही करतात. त्यामुळे कंपनीचे कर्मचारी प्रत्येक देशाचे नियम 'टायमॅटिक' नावाच्या प्रणालीत पाहतात आणि परतीचे तिकीट किंवा पासपोर्टची मुदत कमी पडत असेल तर बोर्डिंग पासच देत नाहीत.

दुसरी तपासणी भारतीय इमिग्रेशनची. मुंबई, पुणे, नागपूर किंवा गोव्याहून निघताना पासपोर्टवर शिक्का मारण्याआधी अधिकारी प्रश्न विचारू शकतात. नोकरीच्या आमिषाने माणसे परदेशी नेली जात असल्याची शंका आली, तर प्रवाशाला इथेच थांबवले जाते.

तिसरी तपासणी परदेशात उतरल्यावर. 'प्रवेश नाकारला' असे म्हणतात ते या टप्प्याबद्दल. विमान कंपन्यांच्या भाषेत अशा प्रवाशाला 'आयनॅड' म्हणतात. मलेशियात त्याला 'नॉट टू लँड'ची नोटीस दिली जाते.

अधिकाऱ्याच्या मनात शंका कशाची असते?

अधिकारी तीन गोष्टी शोधत असतो. हा माणूस कशासाठी आला आहे? राहण्या-खाण्याचा खर्च कुठून करणार? आणि वेळेत परत जाणार का? बाकीचे सगळे प्रश्न या तिघांचीच रूपे आहेत.

भारतीय प्रवाशांबाबत ही शंका वाढण्याची कारणेही आहेत. 'बँकॉकमध्ये डेटा एंट्रीची नोकरी' असे सांगून तरुणांना पर्यटक म्हणून थायलंडला नेण्यात आले आणि तिथून सीमा ओलांडून म्यानमारच्या म्यावाडी भागातल्या सायबर फसवणुकीच्या केंद्रांत डांबण्यात आले. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या माए सोतहून दोन दिवसांत अशा ५४९ भारतीयांना परत आणले. त्यामुळे एकटा तरुण, पहिलाच परदेश प्रवास, हातात फारसे सामान नाही आणि हॉटेलचे नाव सांगता येत नाही असे चित्र दिसले, की मुंबईचा अधिकारीही थांबवतो आणि बँकॉकचाही.

गैरवापर वाढला तर सवलतच जाते. सर्बियाने भारतीयांसाठीचा व्हिसामुक्त प्रवेश १ जानेवारी २०२३ पासून बंद केला. इराणने २०२४ मध्ये दिलेली सवलत २२ नोव्हेंबर २०२५ पासून स्थगित केली. नोकरीचे किंवा पुढे तिसऱ्या देशात नेण्याचे आमिष दाखवून भारतीयांना तिथे न्यायचे आणि खंडणीसाठी डांबून ठेवायचे, असे प्रकार त्याआधी उघड झाले होते.

कायद्यात काय कारणे असतात?

प्रत्येक देशाच्या कायद्यात प्रवेश नाकारण्याची कारणे लिहिलेली असतात. थायलंडच्या १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याचे कलम १२ हे त्याचे चांगले उदाहरण आहे. त्यात अकरा कारणे आहेत. वैध पासपोर्ट नसणे, राहण्याच्या काळात खर्चाची सोय नसणे, परवानगीशिवाय काम करायला आलेला असणे, ठरवून दिलेली रक्कम जवळ नसणे, आधी हद्दपार झालेला असणे ही त्यातली काही.

'ठरवून दिलेली रक्कम' ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. थायलंडमध्ये पर्यटकाकडे माणशी २०,००० बाट असावेत, म्हणजे साधारण पन्नास-साठ हजार रुपये. दर प्रवाशाला हे पैसे दाखवायला लावतात असे नाही. पण शंका आली की विचारतात, आणि तेव्हा 'मित्र खर्च करणार आहे' हे उत्तर चालत नाही.

आणखी एक कारण म्हणजे वारंवार येणे. मुदत संपत आली की शेजारच्या देशात एक फेरी मारायची आणि पुन्हा व्हिसाशिवाय आत शिरायचे, याला 'व्हिसा रन' म्हणतात. योग्य कारणाशिवाय दोनपेक्षा जास्त वेळा असे करणाऱ्यांना प्रवेश नाकारला जाईल, असे थायलंडच्या इमिग्रेशन विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. लॅपटॉपवर काम करत महिनोन्महिने तिथे राहायचे असेल, तर त्यासाठी डीटीव्ही हा वेगळा व्हिसा आहे.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

१. पासपोर्टची मुदत: पोहोचण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवेत. शिक्क्यासाठी कोरी पाने हवीत. पान फाटलेले, भिजलेले, शिवण सुटलेली असेल तर आधी नवा पासपोर्ट काढावा. जुन्या सहली घरच्यांपासून लपवण्यासाठी पाने फाडणे तर थेट गुन्ह्यात मोडते. असे करणाऱ्यांना मुंबई विमानतळावर अटक झाली आहे.

२. नाव: पासपोर्टवर 'गिव्हन नेम' या रकान्यात अनेकांचे स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र असते. तिकीट काढताना मधले नाव गाळले जाते आणि ऑनलाइन फॉर्ममध्ये तिसऱ्याच पद्धतीने लिहिले जाते. तिन्ही ठिकाणी नाव पासपोर्टप्रमाणेच असावे. हनिमूनला निघालेल्या जोडप्यांत ही चूक जास्त होते: पासपोर्ट माहेरच्या नावाने आणि तिकीट सासरच्या नावाने. नवा पासपोर्ट हातात येईपर्यंत तिकीटही जुन्याच नावाने काढावे.

३. डिजिटल आगमन कार्ड: व्हिसा लागत नसला तरी फॉर्म लागतो. थायलंडचे डिजिटल अरायव्हल कार्ड (टीडीएसी) १ मे २०२५ पासून सक्तीचे आहे. मलेशियाचेही असेच कार्ड (एमडीएसी) आहे. दोन्ही पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची असतात आणि दोन्ही मोफत आहेत. हाँगकाँगला १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येते, पण भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. तीही मोफत आहे. गूगलवर वरच्या बाजूला दिसणाऱ्या, पैसे मागणाऱ्या साइट सरकारी नसतात. दूतावासाच्या संकेतस्थळावरून लिंक उघडणे सुरक्षित.

४. तारीख: मुंबईहून बँकॉकची बरीच विमाने रात्री सुटतात. प्रवास साधारण साडेचार तासांचा आणि तिथले घड्याळ दीड तास पुढे. म्हणजे १० तारखेला रात्री निघालेला प्रवासी ११ तारखेला पोहोचतो. आगमन कार्डावर १० तारीख लिहिली की घोळ झाला. हॉटेलचे बुकिंगही पोहोचण्याच्या तारखेप्रमाणे असावे.

५. परतीचे तिकीट: व्हिसामुक्त मुदतीच्या आतले, पक्के तिकीट हवे. काही एजंट पाचशे-हजार रुपयांत 'डमी तिकीट' देतात. त्यावरचा पीएनआर तपासला आणि तिकीट खोटे किंवा रद्द झालेले निघाले, तर प्रवासी खोटे बोलतो एवढेच सिद्ध होते. परतीची तारीख नक्की नसेल तर बदलता येण्याजोगे खरे तिकीट घ्यावे.

६. राहण्याची सोय: सर्व रात्रींचे बुकिंग दाखवता आले पाहिजे. नातेवाईक किंवा मित्राकडे उतरणार असाल तर त्याचा पूर्ण पत्ता, फोन नंबर, तिथल्या ओळखपत्राची प्रत आणि त्याने लिहिलेले निमंत्रणाचे पत्र जवळ ठेवावे.

७. पैसे: थोडी रोख त्या देशाच्या चलनात किंवा डॉलरमध्ये, बाकी फॉरेक्स कार्ड किंवा आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेल्या कार्डावर. भारतातून एका प्रवासात साधारणपणे ३,००० डॉलरपर्यंतच परकीय चलन रोख नेता येते, त्यामुळे सगळे पैसे नोटांत नेण्याची गरज नाही. बँकेचे अलीकडचे स्टेटमेंट छापून घ्यावे. केवळ भारतीय रुपयांच्या नोटा दाखवून उपयोग होत नाही.

८. घरी परतण्याचा पुरावा: नोकरदारांनी सुट्टी मंजूर झाल्याचे पत्र, व्यावसायिकांनी जीएसटी किंवा उद्यमची नोंदणी, विद्यार्थ्यांनी कॉलेजचे ओळखपत्र जवळ ठेवावे. शेतकऱ्याला सातबारा दाखवून परदेशी अधिकाऱ्याला काही समजवता येणार नाही, पण निघताना भारतीय काउंटरवर त्याचा उपयोग होऊ शकतो.

९. ईसीआर पासपोर्ट: दहावी उत्तीर्ण नसलेल्या अनेकांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा असतो. गावाकडच्या आजी-आजोबांना सहलीला नेताना हा शेरा पाहून घ्यावा. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, संयुक्त अरब अमिरातीसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना अशा पासपोर्टधारकांना सरकारी मंजुरी लागते. पर्यटनासाठी ती लागत नाही, पण सहलच आहे हे दाखवणारे परतीचे तिकीट आणि बुकिंग हातात हवे.

१०. मुले: आई किंवा वडील यांपैकी एकाच पालकासोबत किंवा आजी-आजोबांसोबत मूल जात असेल तर दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र आणि मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत ठेवावी.

हे सर्व कागद छापील स्वरूपात, हातातल्या बॅगेत असावेत. मोबाइलची बॅटरी संपणे आणि विमानतळाचे वायफाय न लागणे या गोष्टी नेमक्या काउंटरसमोरच घडतात. चेक-इन केलेल्या बॅगेत ठेवलेला कागद तर इमिग्रेशन पार केल्याशिवाय हाती येत नाही.

काउंटरवर काय बोलावे?

इंग्रजी उत्तम असण्याची गरज नाही. 'टुरिझम', 'फाइव्ह डेज', हॉटेलचे नाव आणि परतीची तारीख एवढे सांगता आले तरी बहुतेकांचे काम होते. बोलता येत नसेल तर कागद पुढे करावा आणि इंग्रजी समजत नाही हे सरळ सांगावे. न समजलेल्या प्रश्नाला 'येस, येस' म्हणणे सर्वांत धोक्याचे. 'कामासाठी आलात का?' या प्रश्नालाही 'येस' जाऊ शकते.

ग्रुपने जाणाऱ्यांनी सहलीचा कार्यक्रम निघण्याआधी एकदा वाचून घ्यावा. 'टूर मॅनेजरला विचारा' हे उत्तर अधिकाऱ्याला पुरत नाही. मित्र वेगवेगळ्या रांगांत उभे असतील आणि एक म्हणाला पट्टाया, दुसरा म्हणाला फुकेत, तर दोघांनाही बाजूला घेतले जाते. उत्तरे पाठ करायची नसतात. ठरवलेली सहल सर्वांना माहीत असली की पुरे.

खरे तेच सांगावे. कॉन्फरन्स असेल तर कॉन्फरन्स, मैत्रिणीच्या लग्नाला जात असाल तर लग्न. एखादी गोष्ट लपवली आणि फोनमधल्या मेसेजमधून ती बाहेर आली, तर मूळ गोष्ट निरुपद्रवी असूनही प्रवेश नाकारला जाऊ शकतो. काउंटरसमोर फोटो, व्हिडिओ काढू नयेत. अधिकाऱ्याला पासपोर्टमध्ये नोट ठेवून देणे तर कुठल्याच देशात करू नये.

एजंट म्हणाला, 'टुरिस्ट आहे असं सांग'

या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. वरची यादी खऱ्या पर्यटकासाठी आहे. नोकरीसाठी निघालेल्या माणसाला ती वाचवू शकत नाही, आणि काही वेळा प्रवेश मिळणे हेच त्याच्यासाठी जास्त धोक्याचे असते.

पर्यटक म्हणून मिळालेल्या व्हिसामुक्त प्रवेशावर सहसा नोकरी करता येत नाही. 'आधी टुरिस्ट म्हणून चला, तिथे गेल्यावर वर्क परमिट काढून देतो' असे सांगणारा एजंट दोनपैकी एका ठिकाणी नेतो. एक, विमानतळावरच्या चौकशीच्या खोलीत. दुसरे, जिथे पासपोर्ट काढून घेतला जातो आणि सुटकेसाठी पैसे मागितले जातात. पकडले गेल्यावर खोटे बोलल्याचा ठपका प्रवाशावर येतो, एजंटवर नाही.

खरी परदेशी नोकरी देणाऱ्या एजंटची नोंद परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर असते. तिथे नाव शोधायला पैसे लागत नाहीत. नाव सापडले नाही, नोकरीचा व्हिसा आधी मिळत नसेल किंवा मुलाखत फक्त व्हॉट्सॲप, टेलिग्रामवर झाली असेल, तर तिकीट काढू नये. अशा वेळी मुंबईच्या काउंटरवर कुणी अडवले, तर त्याने नुकसान केले असे समजू नये.

प्रवेश नाकारलाच तर?

शंका आली की प्रवाशाला आधी बाजूच्या खोलीत नेऊन दुसऱ्यांदा विचारपूस करतात. ही अजून नाकारणी नव्हे. कित्येक प्रवासी कागद दाखवून इथून बाहेर पडतात. आवाज चढवू नये, दुभाषी मागावा, हॉटेलला किंवा यजमानाला फोन करू देण्याची विनंती करावी. न समजलेल्या कागदावर सही करण्याआधी त्यात काय लिहिले आहे हे विचारावे.

नाकारण्याचा आदेश निघाला, तर त्याची प्रत आणि लेखी कारण मागून घ्यावे. काही देशांत अपील करता येते. थायलंडच्या कायद्यात काही अपवाद वगळता आदेश मिळाल्यापासून ४८ तासांत अपिलाची तरतूद आहे. पण निर्णय लागेपर्यंत ताब्यात राहावे लागू शकते, म्हणून बहुतेक जण परतीचे विमान पकडतात. भारतीय दूतावासाला कळवावे. दूतावास आदेश फिरवू शकत नाही, पण ताब्यात ठेवलेल्या नागरिकाशी संपर्क साधू शकतो आणि घरच्यांपर्यंत निरोप पोहोचवू शकतो.

प्रवेश नाकारणे आणि हद्दपारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात माणूस देशात शिरलेलाच नसतो. हद्दपारी आत शिरल्यानंतर होते आणि तिच्यासोबत अनेकदा काही वर्षांची बंदी येते. नुसता प्रवेश नाकारला म्हणून कायमची दारे बंद होत नाहीत. कारण दूर करून, शक्यतो दूतावासातून रीतसर व्हिसा घेऊन, पुन्हा जाता येते.

ब्रिटन, कॅनडासारख्या देशांच्या व्हिसा अर्जात मात्र 'कुठल्याही देशाने कधी प्रवेश नाकारला आहे का?' असा प्रश्न असतो. तिथे 'हो' लिहून कारण स्पष्ट करावे. एका नाकारणीचे स्पष्टीकरण देता येते, लपवलेल्या नाकारणीमुळे अर्ज फेटाळला जातो आणि काही वर्षांची बंदीही येऊ शकते.

शेवटची तपासणी

व्हिसामुक्त सवलती तात्पुरत्या असतात. मुदत कमी होते, फॉर्म बदलतात, इराणसारखी सवलत काही दिवसांच्या सूचनेवर थांबते. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीच्या रीलवर किंवा मित्राच्या अनुभवावर विसंबू नये. तिकीट काढण्याआधी एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा, त्या देशाच्या भारतातील दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम पाहावेत. का आलो, कुठे राहणार, खर्च कसा करणार आणि कधी परतणार, या चार प्रश्नांची खरी उत्तरे आणि त्यांना जोडलेला कागद जवळ असेल, तर काउंटरवरचे काम बहुतेक वेळा दोन मिनिटांत संपते.